नांदतं घर

सिनेमात कुणी दार उघडून घरात शिरलं की माझं लक्ष त्या माणसावरून उडतं. तो काय बोलतोय ते अर्धवट कानावर पडतं आणि नजर त्याच्या मागे फिरायला लागते. दाराआडच्या खुंटीला काय अडकवलंय? माठावरचं भांडं पालथं आहे का? फडताळाच्या खालच्या फळीवर काय कोंबलंय? मुलगी वैतागून म्हणते, "आई, गोष्ट संपली तरी तू अजून त्यांच्या स्वयंपाकघरातच आहेस." खरं आहे ते. माझ्या आवडत्या सिनेमांची यादी कुणी मागितली तर मी आवडत्या घरांची यादी देईन.

सुंदर घरं सिनेमात ढिगाने असतात. गोल जिने, झुंबरं, पांढरे सोफे. ती बघताना बरं वाटतं आणि थिएटरच्या पायऱ्या उतरेपर्यंत ती विसरलेलीही असतात. मला वेड आहे ते नांदत्या घरांचं. कॅमेरा यायच्या आधीही इथे कुणीतरी राहत होतं आणि कॅमेरा गेल्यावरही राहणार आहे, असं ज्या घराकडे बघून वाटतं, ते घर.

त्यातलं माझं सगळ्यांत लाडकं घर म्हणजे एक खोली आहे. सत्यजित राय यांच्या १९५९ सालच्या 'अपूर संसार'मधली अपूची खोली. कलकत्त्यात, रेल्वेच्या रुळांना लागून असलेल्या इमारतीत, अगदी वर. खाली इंजिनांचा धूर आणि शिट्ट्या. अपू एकटा असतो तेव्हा त्या खोलीत पुस्तकं आहेत, बासरी आहे, खिडकीला एक फाटका पडदा आहे. एका विचित्र प्रसंगात त्याचं अचानक लग्न होतं आणि अपर्णा, सुखवस्तू घरातली मुलगी, नवरी होऊन या खोलीत येते. अपू बाहेर गेल्यावर ती खिडकीशी उभी राहून रडते. पडद्याला भोक आहे. त्या भोकातून तिला खाली एक बाई आणि तिचं लहान मूल दिसतं. ती बघत राहते. एवढंच.

मग सकाळ होते. खिडकी तीच, पण आता पडदा धड आहे, धुतलेला आहे, आणि खिडकीत कुंडी आहे. घड्याळाचा गजर होतो. अपर्णा उठायला जाते तर उठता येईना, कारण तिच्या पदराला अपूच्या अंगावरच्या कपड्याची गाठ मारलेली आहे. ती गाठ सोडवते आणि कामाला लागते. अपू अंथरुणात लोळत असतो, त्याला उशाशी तिची केसांतली पिन सापडते. पुढे सिगारेटच्या पाकिटात एक चिठ्ठी निघते, जेवणानंतर एकच ओढायचं वचन दिलंय याची आठवण करून देणारी. मधे किती दिवस गेले, दोघांचं कसं जमलं, कोण कुणाला पहिल्यांदा काय म्हणालं, यातलं काहीही सिनेमा सांगत नाही. पडदा, कुंडी, पिन, चिठ्ठी. खोलीनेच सगळं सांगून टाकलेलं असतं. संसार म्हणजे काय हे मला इतक्या कमी वस्तूंत दुसऱ्या कुणी दाखवलेलं नाही. अजूनही ती पिन अपूच्या बोटांत दिसली की मला भरून येतं.

ती खोली बन्सी चंद्रगुप्त यांनी उभी केली. अपूच्या तिन्ही सिनेमांचं कला दिग्दर्शन त्यांचं. दुसऱ्या भागातलं, म्हणजे १९५६ च्या 'अपराजितो'मधलं बनारसचं घर बघताना तर वाटतं की हे लोक गंगाकाठच्या कुठल्यातरी जुन्या वाड्यात जाऊन बसले असणार आणि कॅमेरा गुपचूप लावला असणार. पण ते घर स्टुडिओत बांधलेलं आहे. चारी बाजूंनी खोल्या, मधे चौक, आणि त्या चौकात वरून झिरपणारा उजेड. छायाचित्रकार सुब्रत मित्र यांच्यापुढे प्रश्न हाच होता की स्टुडिओत तो उजेड आणायचा कुठून. दिवे थेट माणसांवर टाकले तर प्रत्येकाच्या मागे दोन-दोन काळ्या सावल्या पडणार, आणि चौकातल्या घरात तशा सावल्या कधीच पडत नाहीत. त्यांनी सेटच्या चौकावर पांढरं कापड ताणून बांधलं आणि दिव्यांचा झोत त्या कापडावर मारला. कापडावरून परतून आलेला मऊ उजेड खाली उतरला, आणि स्टुडिओतल्या त्या घरात बनारसची सकाळ झाली.

हे वाचलं तेव्हा मला माझ्या आत्तीचा वाडा आठवला. आत्तीचं घर कोल्हापुरात, शुक्रवार पेठेत. दिंडी दरवाजातून आत गेलं की ढेळज, मग सोपा, मग चौक, चौकाच्या पलीकडे माजघर आणि स्वयंपाकघर, मागे परडं. त्या घराला रस्त्याकडून म्हणाल तर एकच खिडकी. सगळा उजेड चौकातून. सकाळी ऊन वरच्या कौलांच्या कडेला असतं तेव्हा माजघरात नुसता एक निळसर अंधार असतो, ज्यात पितळेच्या डब्यांच्या कडा तेवढ्या दिसतात. दहा-साडेदहाला ऊन भिंत उतरून फरशीवर येतं, आणि मग गंमत होते. फरशीवरचा उजेड उलटा वर उडतो आणि माजघराच्या कडीपाटावर थरथरायला लागतो. चौकात कुणी घमेलंभर पाणी ठेवलं असेल तर विचारूच नका, अख्खं छत हलायला लागतं. तांदूळ निवडत बसलेल्या आत्तीचा चेहरा त्या वेळी खालून उजळलेला असायचा. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत मी तिच्यासमोर बसून ते बघायची आणि हे मला फार आवडतंय हे कुणाला सांगायचं असतं हेही कळायचं नाही. सुब्रत मित्रांनी ते कळण्याइतकं बघितलं, आणि पुन्हा करून दाखवलं. अशा माणसांविषयी मला जी कृतज्ञता वाटते ती नटांविषयी क्वचितच वाटते.

आणि ही सगळी विद्या काही फक्त बंगालची नव्हे. आपल्या गावात, कोल्हापुरात, ती त्याच्या किती आधी सुरू झाली होती याचा आपल्याला विसर पडतो.

बाबूराव पेंटर मुळात पडदे रंगवणारे. त्यांचे भाऊ आनंदराव आणि ते, दोघेही संगीत नाटकांच्या पडद्यांसाठी मुंबई इलाख्यात नावाजलेले. राजवाड्याचा पडदा, रस्त्याचा पडदा, जंगलाचा पडदा; नाटक मंडळी गावोगाव हे पडदे गुंडाळून न्यायची आणि प्रेक्षक त्या रंगवलेल्या महालासमोर तल्लीन होऊन पदं ऐकायचे. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये बांधलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह, हे त्याच काळातलं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ते जळताना ज्यांनी बघितलं त्यांना त्या रात्रीबद्दल वेगळं सांगायला नको. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' आला.

आता बघा, ज्या माणसाचं नाव पडद्यांमुळे झालं त्यानेच सिनेमातून रंगवलेला पडदा काढून टाकला. त्याच्या जागी त्यांनी खरी जागा उभी केली. लांबी, रुंदी, खोली असलेली. जिच्यात माणूस नुसता पुढे उभा राहत नाही, तर आत जातो, वळतो, खांबाआड होतो, उंबऱ्यावर बसतो. पडद्यावर रंगवलेल्या खिडकीतून कुणी वाकून बघू शकत नाही. आणि रंगवलेल्या कोनाड्यात दिवा ठेवता येत नाही! पुढे ते कृत्रिम प्रकाशाकडे वळले. १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये त्यांनी तो वापरला. त्याआधी शूटिंग उन्हात व्हायचं, म्हणजे घरातली रात्रही दुपारच्या उजेडात. एकदा दिवा हातात आला की घराला सकाळ, तिन्हीसांज, रात्र मिळाली. उजेड बदलला की घराचा स्वभाव बदलतो, हे आपल्या प्रत्येकाला माहीत असतं. सिनेमाला ते शिकवावं लागलं.

१९२५ चा 'सावकारी पाश' हा त्यांचा सगळ्यांत गाजलेला मूकपट. गोष्ट नारायण हरी आपट्यांची, आणि सावकाराच्या पाशात अडकून जमीन गमावलेल्या तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. त्यातल्या एका दृश्याबद्दल निर्माते-दिग्दर्शक जे. बी. एच. वाडियांनी लिहून ठेवलंय: अंधारलेली, भकास अशी एक झोपडी, आणि तिथे विव्हळणारं एक कुत्रं. माझ्या माहितीत आपल्या सिनेमातलं गरिबाचं घर इतक्या लवकर इतकं नीट बघितल्याची दुसरी नोंद नाही. पण आज ते दृश्य आपल्याला बघता येत नाही. बाबूरावांचे बहुतेक मूकपट काळाच्या ओघात नष्ट झाले. ती झोपडी आता एका माणसाच्या आठवणीतल्या दोन ओळींत उरली आहे, आणि मला याचं फार वाईट वाटतं. राजे-महाराजांचे महाल गेले असते तर चाललं असतं. ती झोपडी राहायला हवी होती.

त्यांच्या हाताखाली तयार झालेली माणसं मात्र राहिली. दामले आणि फत्तेलाल त्यांचेच शागीर्द. शांताराम, धायबर, सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह त्यांनी १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली आणि १९३३ मध्ये ती पुण्याला नेली. साहेबमामा फत्तेलालांची नजर कलावंताची. १९३६ च्या 'संत तुकाराम'मध्ये वैकुंठाचं विमान सगळ्यांना आठवतं, पण त्या सिनेमाचा जीव आवलीच्या घरात आहे. पोरं, भांडी, म्हैस, उपाशी संध्याकाळ, आणि या सगळ्याशी कडाकडा भांडणारी ती बाई. त्या घरात दारिद्र्य आहे पण ते मांडून ठेवलेलं नाही, ते वापरात आहे. वर्षभराने आलेल्या 'कुंकू'मध्ये शांतारामांनी आणखी धाडस केलं, पार्श्वसंगीतच ठेवलं नाही. म्हाताऱ्या काकासाहेबांचं ते घर आपण ऐकतो. घड्याळाची टिकटिक, दारं, पावलं, ग्रामोफोन. आपापल्या घराला आवाज असतो. डोळे मिटून नुसत्या कडीच्या आवाजावरून मी आत्तीचं न्हाणीघराचं दार आणि परड्याचं दार ओळखते.

कोल्हापुरातला जयप्रभा स्टुडिओही विसरता कामा नये. १९४८ च्या जाळपोळीत तो खाक झाला आणि भालजी पेंढारकरांनी तो कर्ज डोक्यावर घेऊन परत उभा केला. त्यांच्या १९६५ च्या 'साधी माणसं'मधलं लोहाराचं बिऱ्हाड मला आवडतं ते भट्टीमुळे. घर आणि धंदा एकाच छपराखाली असलेली माणसं आमच्या गल्लीबोळांत तेव्हा सगळीकडे होती, कुंभार, लोहार, चांभार, शिंपी. त्यांच्या घरात पाहुण्याला बसायला जागा करायची तर आधी कामाचं सामान सरकवावं लागे.

आता जरा आत्तीकडे परत येते, कारण हे सगळं मला पुस्तकातून जितकं कळलं त्याहून जास्त तिच्या स्वयंपाकघरात कळलं.

मध्यंतरी इथल्याच काही मुलांना एक लघुपट करायचा होता आणि त्यांना जुनं घर हवं होतं. मी त्यांना आत्तीकडे घेऊन गेले. घर बघून कला दिग्दर्शन करणारा मुलगा हरखला. त्याने शंभरएक फोटो काढले, प्रत्येक फळीचे, प्रत्येक कोपऱ्याचे. आठवड्याने शूटिंग ठरलं. सकाळी सगळे सामान घेऊन दारात हजर, आणि आत बघतात तर घर चकाचक! आत्तीने आदल्या दिवशी बायका लावून सगळं घासूनपुसून घेतलं होतं. पितळी डबे उन्हासारखे चमकत होते, पलंगावर कोरी चादर, टेबलावर क्रोशाचा रुमाल, आणि रोजचं सगळं, चटणीची बरणी, तेलाचा तांब्या, औषधांची पिशवी, रेडिओ, माळ्यावर.

"आत्ती, परवाचं घर कुठं गेलं ओ?" पोरगा रडकुंडीला आला.

"अरं, शूटिंग हाय म्हटल्यावर घर आवराय नको? चार माणसं बघणार. नाव ठेवतील मला."

त्याने फोटो काढून दाखवले, पायावर डोकं ठेवायचं तेवढं बाकी ठेवलं. मग आत्तीने माळ्यावरून सामान खाली काढायला लावलं आणि एकेक वस्तू जागेवर ठेवायला लागली. पण तिला ते जमेना. तेलाचा तांब्या हातात घेऊन ती उभी राहिली आणि म्हणाली, "ह्यो मी कुठं ठेवते रं?" चाळीस वर्षं रोज हात जिथे गेला ती जागा विचार करून सापडत नव्हती. ठेवलेलं सगळं ठेवल्यासारखं दिसत होतं. फोटो समोर धरून मुलांनी मांडून बघितलं तरी तेच. वस्तू त्याच, जागा त्याच, आणि घर काही येईना.

मग तो पोरगा जे बोलला त्याबद्दल मी त्याला आयुष्यभर मानेन. म्हणाला, "आत्ती, राहू दे सगळं. तुम्ही आमच्यासाठी चहा ठेवा. आणि जेवायलाही आम्ही इथंच आहोत."

पंधरा माणसांचा चहा आणि नंतर भाकरी, पिठलं, ठेचा. आत्ती कामाला लागली आणि तिचं लक्ष घरावरून उडालं. सांडशी कट्ट्याच्या डाव्या टोकाला गेली, कारण ती डाव्या हाताने पातेलं धरते. चहापत्तीच्या डब्याचं झाकण उघडंच राहिलं, कारण पुन्हा घालावी लागते. ओला फडका खिडकीच्या गजात खोचला गेला. परात भिंतीला टेकून उभी राहिली. काथवट पाटासकट पुढे ओढलं गेलं, पिठाचा हात दाराच्या चौकटीला लागला आणि तिथे चार बोटं उमटली. तासाभरात स्वयंपाकघर जिवंत झालं. पोरगा एका कोपऱ्यात उभा राहून फक्त बघत होता. कुणी काही उचलायला गेलं की हात धरत होता. मग जेवणं झाल्यावर, भांडी न हलवता, त्यांनी कॅमेरा लावला.

जाता जाता त्याने मला सोप्यातली भिंत दाखवली. तिथे जमिनीपासून दोन-अडीच हातांवर एक काळपट तेलकट डाग आहे, ताटाएवढा. आमचे आजोबा तिथे भिंतीला डोकं टेकून बसायचे, नंतर मामंजी, म्हणजे आत्तीचे यजमान, आणि आता ती स्वतः बसते. तीन माणसांच्या डोक्याचं तेल. दिवाळीला चुना काढला तरी महिन्याभरात तो परत वर येतो. "काकी, हा डाग आम्हाला करायचा म्हटला तर जमणार नाही," तो म्हणाला. "रंग जमेल. पण तो नेमका कुठं पडतो, वर गडद की खाली, कडा कशा विरतात, हे नाही जमणार." त्याने चौकट अशी लावली की आत्ती तिथे बसलेली नाही, आणि तरी ती बसते हे कळतं.

त्याच्याकडून मला सेटवरच्या पुष्कळ गोष्टी कळल्या. नवं लाकूड जुनं दाखवायला पॉलिश पेपर घासतात, कागद आणि कापड चहाच्या पाण्यात बुडवून वाळवतात, धुळीसाठी मुलतानी माती उडवतात. हे कुणालाही शिकता येतं. अवघड असतं ते हात कुठे लागतो हे ठरवणं. दाराचा रंग सगळीकडे सारखा उडत नाही. कडीच्या भोवती आणि खाली, पायाने ढकलतात तिथे, जास्त उडतो. घरात लहान मूल असेल तर भिंत एका ठरावीक उंचीपर्यंत मळते आणि त्याच्या वर स्वच्छ असते. दिव्याच्या बटणाभोवतीची काळी बोटं उजव्या बाजूला जास्त. पाण्याच्या माठाखालची फरशी कायम एक छटा गडद. ज्या कला दिग्दर्शकाने हे बघितलेलं नसतं तो घर सारखं मळवतो, आणि सारखं मळलेलं घर कोऱ्या घराइतकंच खोटं दिसतं.

मालिकांमधली घरं मला सहन होत नाहीत ती याचसाठी. दिवाणखान्याच्या चारी कोपऱ्यांत सारखा झगझगीत उजेड, स्वयंपाकघरात फोडणी बसते पण वाफ नाही, चटका नाही, ओट्यावर एक थेंब सांडलेला नाही. कुणी म्हणेल, रोज एक भाग काढायचा तर एवढं बघायला वेळ कुठला. मान्य. पण प्रेक्षकाला कळत नाही असं कुणी म्हणू नये. कोल्हापूरजवळ वसगड्याला एका मालिकेचं चित्रीकरण खऱ्या वाड्यात चालू होतं तेव्हा कुठकुठून लोक गाड्या करून तो वाडा बघायला यायचे. कलाकार दिसले तर दिसले. दगडी भिंतीला हात लावून, दारात फोटो काढून परत जायचे. खरी भिंत लोकांना पडद्यातून ओळखू येते.

आमच्या नदीकाठच्या पेठांमधल्या घरांवर आणखी एक खूण आहे जी मी अजून कुठल्याच सिनेमात बघितलेली नाही. पुराची. २०१९ ला पंचगंगा घरात आली, २०२१ ला परत आली. पाणी उतरल्यावर भिंतीवर एक रेघ राहते, तिच्याखाली रंग फुगतो आणि पापुद्रे सुटतात. रंग दिला की ती जाते. पण घर शिकतं. आत्तीच्या गल्लीत आता खालच्या कप्प्यात कुणी फोटोंचा अल्बम ठेवत नाही. सातबारा, पॉलिसी, लग्नाच्या साड्या, सगळं माळ्यावर. खालच्या फळीवर फक्त भांडी आणि प्लास्टिकचे डबे. फ्रीज विटांवर चढवलेला. परक्या माणसाला यात काही दिसणार नाही. पण कुणी जाणत्याने त्या खोलीत कॅमेरा लावला आणि नुसतं रिकामं खालचं कपाट आणि गच्च भरलेला माळा दाखवला, तर आमच्याकडच्या प्रत्येक माणसाच्या पोटात गोळा येईल.

कॅमेरा लावायचा कुठे, यावरही बरंच अवलंबून असतं. जपानचे दिग्दर्शक यासुजिरो ओझू घरातली दृश्यं अगदी खालून घ्यायचे, चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्या आसपास. त्यासाठी खास बुटकी तिपाई करून घेतलेली. घरातली भांडी, कपबश्या, चित्रं ते स्वतः निवडायचे. १९५८ साली पहिला रंगीत सिनेमा केला तेव्हा एक लाल किटली त्यांनी खोलीत अशी ठेवली की ती त्या घरातलं माणूसच होऊन जाते. त्यांचा सिनेमा पहिल्यांदा बघताना मला एकदम घरी आल्यासारखं झालं, कारण तो कॅमेरा पाटावर बसला होता. आपणही परवापरवापर्यंत जमिनीवरच जगत होतो. जेवणं, निवडणं, टिपणं, अभ्यास, बाळंतिणीची शेक-शेगडी, सगळं खाली. माजघर उभ्याने बघितलं तर अंधारी, बुटकी खोली दिसते. खाली बसा, मग ते उघडतं. कडीपाट वर जातो, चौक समोर येतो, मांडणीवरची भांडी डोळ्यांच्या रांगेत येतात. आपल्या मराठी सिनेमाने हे घर बहुतेक वेळा उभ्यानेच बघितलं.

पण वाड्यांवरच जीव टाकून बसावं असंही मला वाटत नाही. वाडे सरत आले. आत्तीच्या डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना इमारती उठल्यात, तिच्या मुलांचंही बोलणं चालू आहे, आणि त्यांचं चूक आहे असं मी म्हणणार नाही. पावसाळ्यात कौलं परतायला आता माणूस मिळत नाही. मी स्वतः राजारामपुरीत तिसऱ्या गल्लीच्या मागे एका अपार्टमेंटमध्ये राहते. आमचं दोन खोल्यांचं, तीन खोल्यांचं घरही तितकंच नांदतं आहे, आणि ते अजून कुणी धडपणे दाखवलेलं नाही. गावाकडून आलेलं तांदळाचं पोतं दिवाणखान्यात सोफ्याच्या मागे उभं असतं. भिंतीवर पतसंस्थेचं कॅलेंडर, त्यावर गॅस आणल्याची तारीख आणि दुधाचे खाडे. फ्रीजवर हेल्मेट. एप्रिलमध्ये गच्चीवर मिरच्या पसरल्या की जिन्यातून वर जाणाऱ्या प्रत्येकाला ठसका लागतो, आणि कांडपावरून कुटून आणलेल्या चटणीचा डबा महिनाभर खोलीला वास देत राहतो. बाल्कनीच्या जाळीला तालमीतून आलेल्या पोराचा लंगोट आणि त्याच्या शेजारी बहिणीचा कॉलेजचा एप्रन वाळत असतो. दाराबाहेर चपलांचा ढीग बघून आत किती पाहुणे आहेत आणि त्यांतले किती खेड्यावरून आलेत हे मला सांगता येतं.

त्या लघुपटवाल्या पोराचा परवा फोन आला होता. पुढची गोष्ट फ्लॅटमधली आहे म्हणाला, शाळेत शिपाई असलेल्या बापाची आणि मुलीची. काकी, तुमच्याकडे एखादं घर बघाल का? तेव्हापासून मी शेजारपाजारी चहाच्या निमित्ताने जाते आणि उजेड बघते. तळमजल्यावरच्या ताईंकडे दिवसभर दिवा लागतो, ते घर चालणार नाही, पण त्यांची मांडणी बघून घ्यायला हवी. दुसऱ्या मजल्यावरच्या घरात मुलीच्या टेबलावरची भिंत वेळापत्रकांच्या जुन्या चिकटपट्ट्यांनी भरलेली आहे. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या स्वयंपाकघरात सकाळी नऊपर्यंत ओट्यावर ऊन असतं, बरोबर गॅसच्या बाजूला, वाफ दिसेल असं. त्यांना विचारून ठेवलंय. त्या लगेच म्हणाल्या, "मग रंग काढून घ्यू का आधी?" मी त्यांना दोन्ही हात जोडले आणि शूटिंग होईपर्यंत काही आवरू नका, पुसू नका, हलवू नका म्हणून सांगून आले. आता पोरगा शनिवारी येतोय घर बघायला, सकाळी आठला.